बोटीचा अल्टरनेटर का जळतो: रेग्युलेटर, तापमान आणि खोटं बोलणारे सेन्सर

कोल्हापूरला समुद्र नाही, मग उद्यमनगरात बोटीचे अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारी यंत्रं, कशाला येतात, हे कामाला लागलेलं प्रत्येक नवं पोरगं विचारतं. उत्तर सोपं आहे. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत रत्नागिरी, देवगड, मालवणकडचे अल्टरनेटर आणि स्टार्टर पोत्यात गुंडाळून घाट चढतात. आमच्याकडे वाइंडिंग, बेअरिंग, पुलीचं टर्निंग, डायोड प्लेट हे सगळं दोन गल्ल्यांत मिळतं. एस.टी.च्या पार्सलला आलेल्या पोत्याला सुक्या बांगड्याचा वास असला की पावती न बघताच कळतं, माल कुठला आहे.

अशाच एका पोत्यातून एकाच बोटीचा तिसरा जळका अल्टरनेटर आला. उघडून स्टेटर, म्हणजे आतली न फिरणारी वाइंडिंग, बघितला. तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्या, वार्निशची नुसती राख. एकच फेज जळलेला असता तर डायोड शॉर्ट झाला म्हणून सोडून दिलं असतं. सगळा स्टेटर एकसारखा भाजला असेल तर तो अल्टरनेटर बराच वेळ झेपेल त्याहून जास्त करंट देत राहिला, असा अर्थ निघतो. आणि गंमत म्हणजे या बोटीवर बाहेरून बसवलेला चांगला महागडा रेग्युलेटर होता, अल्टरनेटरने किती वीज द्यायची ते ठरवणारा आणि त्याचं तापमानही बघणारा. तांडेल (बोटीचा कप्तान) फोनवर म्हणाला, "मेस्त्री, सेन्सर लावलेलो आसा. तरी जळलोच." सेन्सर मागवून घेतला, टेबलावर तपासला, ठणठणीत निघाला. मग त्याला अल्टरनेटर जिथे बसतो त्या जागेचा फोटो पाठवायला सांगितलं. फोटोत सेन्सरची वायर दिसत होती, तिचा प्लॅस्टिकचा टाय तुटलेला होता आणि टोक अल्टरनेटरच्या जागेपासून चार बोटं खाली हवेत लोंबत होतं.

म्हणजे रेग्युलेटर सगळा हंगाम इंजिनरूमची हवा मोजत होता आणि अल्टरनेटर मजेत आहे असं समजून त्याला पिळत होता. सेन्सर तुटला असता तर रेग्युलेटरला कळलं असतं, त्याने हात आखडता घेतला असता. तो जिवंत होता आणि चुकीचं सांगत होता, म्हणून घात झाला. हा सगळा लेख त्या चार बोटांच्या अंतराबद्दल आहे.

दोन तापमानं, दोन वेगळी कामं

सुरुवातीला एक गोंधळ मिटवू. रेग्युलेटरला तापमानाच्या दोन वायरी येतात, एक बॅटरीकडून आणि एक अल्टरनेटरकडून. दोन्हींचा सेन्सर दिसायला सारखा असू शकतो, पण कामाचा एकमेकांशी संबंध नाही. बॅटरीचं तापमान किती व्होल्टपर्यंत चढवायचं ते ठरवतं. अल्टरनेटरचं तापमान किती करंट काढायचा ते ठरवतं. अदलाबदल झाली तर काय होईल, याचा विचार बोट किनाऱ्याला असतानाच करा. वायरींवर रंगीत स्लीव्ह चढवा, पेनने लिहिलेलं खाऱ्या हवेत महिनाभर टिकत नाही.

रेग्युलेटरच्या हातात प्रत्यक्षात एकच लगाम असतो, रोटरच्या (आतल्या फिरणाऱ्या भागाच्या) फिल्ड कॉइलमधला करंट. फिल्ड वाढवलं की चुंबक तगडा होतो आणि स्टेटरमधून जास्त वीज निघते. कमी केलं की कमी निघते. इंजिन किती फिरतंय ते रेग्युलेटरच्या हातात नाही, बॅटरी किती ओढते तेही नाही. फिल्ड सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून तो सरासरी करंट ठरवतो. तापमान असो, व्होल्टेज असो वा सेन्सरचा बिघाड, त्याचं प्रत्येक उत्तर शेवटी फिल्डमधूनच जातं.

आपल्याकडच्या बऱ्याच बोटींवर अल्टरनेटरच्या पोटातच रेग्युलेटर असतो. जुने मिस्त्री त्याला अजून 'कटआऊट'च म्हणतात. त्यातले काही तापले की व्होल्टेज थोडं उतरवतात, पण ते स्वतःचं अंग मोजून. त्याला बॅटरी कुठे आहे आणि किती गरम आहे याचा पत्ता नसतो. इंजिनरूम तापली की हा व्होल्टेज उतरवतो, आणि पलीकडे गार कप्प्यातली बॅटरी अर्धपोटी राहते. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः बाहेरून बसवलेल्या, सेन्सरवाल्या रेग्युलेटरबद्दल आहे.

तापलेल्या अल्टरनेटरला आवरायच्या दोन पद्धती

जुन्या किंवा स्वस्त पद्धतीत एक मर्यादा ठरलेली असते, अंगाला लावलेल्या सेन्सरवर साधारण १०० ते ११० अंश सेल्सिअस. ती ओलांडली की फिल्ड एकदम निम्मं. गार झाला की पुन्हा पूर्ण. बोटीवर हे अँमीटरच्या काट्यावरून ओळखू येतं. काटा दहा-पंधरा मिनिटं वर, मग खाली, मग पुन्हा वर. तांडेल म्हणतो अल्टरनेटर 'धापा टाकतोय'. बिघाड नाही तो, पण दर फेरीत तांब्याची कॉइल फुगते-आकसते आणि बेल्टला झटका बसतो.

नव्या पद्धतीत मर्यादा जवळ यायला लागली की फिल्ड हळूहळू उतरवतात. ९५ ला थोडं, १०० ला आणखी थोडं, असं करत तापमान एका जागी स्थिरावतं. अल्टरनेटर आहे त्या हवेत जेवढं झेपेल तेवढं देत राहतो. निवड करायची असेल तर मी डोळे झाकून हीच पद्धत घेईन.

आता १०० हाच आकडा का? सेन्सर बाहेरच्या अॅल्युमिनियमच्या अंगावर असतो. आतल्या कॉइलचा गाभा त्याहून तीस-चाळीस अंशांनी सहज जास्त असतो. एफ क्लासचं इन्सुलेशन १५५ अंशांचं, एच क्लासचं १८० चं. म्हणजे बाहेर ११० दिसताना एफ क्लासची वाइंडिंग काठावर आलेली असते. या मर्यादेनंतर दर दहा अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा वाइंडिंगवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. म्हणून रिवाइंड करून घेताना मी बोटीच्या कामाला एच क्लासचीच तार आणि वार्निश सांगतो. चारशे-पाचशे रुपये जास्त जातात, जाऊ देत.

सगळ्यात वाईट वेळ कोणती? लोकांना वाटतं फुल स्पीड. उलट आहे. इंजिन संथ चाललेलं असताना अल्टरनेटरचा पंखाही संथ फिरतो, आणि बॅटरी उतरलेली असली तर रेग्युलेटर फिल्ड मात्र पूर्ण देतो. वारा कमी आणि उष्णता पूर्ण, असा तो प्रकार. जाळं ओढताना बोट हळू, इंजिनवर भार, इंजिनरूम तापलेली, वरून दिवे आणि फिश फाइंडर चालू. जळायला याहून चांगला मुहूर्त नाही.

एक फुकटचा थर्मामीटर तुमच्याकडे आधीच आहे, रोटर. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. समजा गार असताना २५ अंशांना स्लिप रिंगवर (रोटरला करंट पोचवणाऱ्या कड्यांवर) ३.० ओहम भरले. चालवून बंद केल्यावर लगेच मोजलं तर ४.० ओहम आले. याचा अर्थ रोटर ११० अंशांच्या आसपास आहे. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकांना टेकवून जो ०.२ वगैरे दिसतो तो वजा करायला विसरू नका, नाहीतर सगळा हिशेब बोंबलला. आणि कार्बनमधून (रिंगवर घासणाऱ्या ब्रशमधून) मोजू नका, थेट रिंगवर मोजा.

बॅटरीचा हिशेब

लेड-अॅसिड बॅटरी गरम झाली की कमी व्होल्टेजलाच भरते. दर सेलला दर अंशाला ३ ते ५ मिलिव्होल्ट उतरवायचे असतात. मधला ४ चा आकडा घेतला तर १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, म्हणजे दर अंशाला २४ मिलिव्होल्ट. २५ अंशांना १४.४ व्होल्टवर भरत असाल तर ४० अंशांना:

१४.४ − (१५ × ०.०२४) = १४.०४ व्होल्ट

तुमच्या बॅटरीचा नेमका आकडा तिच्या कागदावर असतो, तोच घ्या. हे उतरवलं नाही तर गरम बॅटरी जास्त करंट घेते, त्याने आणखी गरम होते, मग आणखी करंट घेते. पाणी उकळून उडतं, प्लेटा उघड्या पडतात, सील बॅटरीचं पोट फुगतं. एप्रिल-मेमधल्या बंदिस्त कप्प्यात याला फार वेळ लागत नाही. बरेच रेग्युलेटर बॅटरी ५० अंशांच्या पुढे गेली की चार्जिंग अगदी कमी किंवा बंद करतात, आणि ते बरोबर करतात.

सेन्सर कसे बिघडतात

बऱ्याच रेग्युलेटरच्या सेन्सरमध्ये एनटीसी थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा रोध उतरतो. नेहमीच्या १० किलोओहमच्या एनटीसीचे (बीटा ३९५०) हे आकडे मी भिंतीवर लिहून ठेवलेत:

० अंश: ३३ किलोओहमच्या आसपास
२५ अंश: १० किलोओहम
४० अंश: ५.३ किलोओहम
५० अंश: ३.६ किलोओहम
८० अंश: १.२७ किलोओहम
१०० अंश: ०.७ किलोओहम, म्हणजे ७०० ओहम

सगळे सेन्सर एनटीसी नसतात. काहींत चिप असते, तिला उलटसुलट जोडणी चालत नाही आणि ओहममध्ये मोजून काही कळत नाही. तुमचा कुठला ते रेग्युलेटरच्या पुस्तिकेत बघून मगच पुढे जा.

वायर तुटली तर रोध अनंत. रेग्युलेटरला वाटतं उणे चाळीस-पन्नास अंशांची थंडी पडलीय. वायर आपसांत चिकटली तर रोध शून्य, म्हणजे दीडशे-दोनशे अंश. मालवणच्या बंदरात यातलं काहीच शक्य नाही, म्हणून जरा बरा रेग्युलेटर लगेच ओळखतो की सेन्सर गेला. दिवा लुकलुकतो, कोड येतो, आणि तो सावध पवित्रा घेतो. हे दोन बिघाड म्हणूनच मला आवडतात.

तिसरा बिघाड वेगळा आहे आणि समुद्रावर तोच जास्त होतो. खाऱ्या हवेत जोडणी कळकते, जसं पितळेचं भांडं कळकतं. थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीत) हिरवी पूड धरते. वायर तुटत नाही, पण त्या पुडीतून जाताना काही ओहम वाढतात. समजा ५०० ओहम वाढले. आता गंमत बघा.

बॅटरी ४५ अंशांवर आहे, सेन्सर ४.३५ किलोओहम. त्यात ५०० मिळवले तर ४.८५. रेग्युलेटर वाचतो ४२ अंश. तीन अंशांची चूक, व्होल्टेजमध्ये ०.०७ चा फरक. कुणाला पत्ताही लागणार नाही.

तोच हिरवा चुरा अल्टरनेटरच्या वायरीत असला तर? अल्टरनेटर १०० अंशांवर, सेन्सर ७०० ओहम. त्यात ५०० मिळवले, १२००. रेग्युलेटर वाचतो ८२ अंश. तो म्हणतो अजून बरीच जागा आहे, चालू दे. खरा अल्टरनेटर ११० च्या पुढे निघून जातो आणि रेग्युलेटरच्या हिशेबात नव्वदीही गाठलेली नसते.

एनटीसी जितका गरम तितका त्याचा रोध बारीक, आणि बारीक रोधात चुऱ्याचे ओहम मोठे ठरतात. म्हणजे सेन्सरची जिथे सगळ्यात जास्त गरज, तिथेच तो सगळ्यात मोठी थाप मारतो. आणि चुऱ्याची चूक नेहमी एकाच दिशेला, 'गार आहे' असं सांगणारी. बॅटरीच्या बाजूला चुरा फारच माजला आणि वीस किलोओहम वाढले, तर ४० अंशांची बॅटरी ५ अंशांची दिसते आणि १४.०४ च्या जागी १४.८८ व्होल्ट मिळतात. बॅटरीत पाणी घालून घालून माणूस थकतो आणि बॅटरीवाल्याला शिव्या देतो.

चौथा प्रकार लोंबणारा सेन्सर, तो वर आलाच. पाचवा, हादऱ्याने मधूनच सुटणारा. इंजिन १२०० फेऱ्यांवर थरथरतं तेव्हा सुटतो, १५०० ला पुन्हा जुळतो. आकडा एका सेकंदात चाळीस अंश खाली आला तर समजा की वायर हललीय. एवढ्या तांब्या-लोखंडाचं धूड एका सेकंदात चाळीस अंश गार होत नाही.

सेन्सर गेल्यावर रेग्युलेटर काय करतो

हे पुस्तिकेत शोधून काढायचं आणि बोटीच्या वहीत लिहून ठेवायचं, कारण सगळे सारखे वागत नाहीत.

अल्टरनेटरचा सेन्सर गेला तर काही रेग्युलेटर आपणहून ताकद निम्म्यावर आणतात. काही नुसता दिवा लावून पहिल्यासारखेच चालू राहतात, आणि काहींना तो सेन्सर जोडलेलाच नव्हता असं वाटतं. तिसऱ्या जातीचा रेग्युलेटर असेल तर हाताने कमाल फिल्ड ७०-७५ टक्क्यांवर बांधून ठेवा. बेल्टचा ताण कमी करण्यासाठी म्हणून अशी सेटिंग बऱ्याच रेग्युलेटरमध्ये दिलेली असते, तीच इथे उपयोगी पडते.

बॅटरीचा सेन्सर गेला तर बहुतेक जण २५ अंश गृहीत धरतात. कोकणातल्या बोटीच्या कप्प्यात २५ अंश फक्त जानेवारीच्या पहाटे असतात. म्हणून सेन्सर नसेल किंवा भरवशाचा नसेल तर मूळ व्होल्टेजच ०.३ ने खाली बांधा, १४.४ ऐवजी १४.१. बॅटरी थोडी उशिरा भरेल, बाकी काही नाही.

सगळ्यात जिवावरची वायर मात्र तापमानाची नाहीच, ती व्होल्टेज बघणारी, बॅटरीच्या टोकापर्यंत गेलेली सेन्स वायर आहे. ती तुटली आणि रेग्युलेटर साधा असेल तर त्याला दिसतं शून्य व्होल्ट. बॅटरी मेली असं समजून तो फिल्ड पूर्ण उघडतो. व्होल्टेज १६, १७ कडे धावतं आणि जीपीएस, वायरलेस, दिवे सगळं एका झटक्यात जातं. चांगला रेग्युलेटर अशा वेळी स्वतःच्या पुरवठ्याचं व्होल्टेज बघून काम चालवतो किंवा फिल्ड बंद करतो. तुमचा काय करतो?

करंट मोजणारा शंट गेला तर फारसं बिघडत नाही. बॅटरी भरली की नाही हे करंटवरून कळायचं ते आता घड्याळावरून ठरवावं लागतं, एवढंच.

आणि एक बिघाड रेग्युलेटरच्या हाताबाहेरचा आहे. फिल्डची वायर मध्येच घासून चुकीच्या जागी टेकली तर रेग्युलेटरला बाजूला सारून फिल्ड पूर्ण मिळतं. ज्या अल्टरनेटरमध्ये एक कार्बन बॉडीला आहे तिथे ही वायर प्लसला टेकली की, आणि ज्यात एक कार्बन कायम प्लसला आहे तिथे ती बॉडीला टेकली की. सेन्सर कितीही ओरडले तरी ऐकणारा कुणी उरत नाही. फिल्डच्या वायरीला आतपर्यंत जाड स्लीव्ह घाला, घाट उतरून परत येण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

टेबलावरची परीक्षा

हे घरी किंवा गॅरेजमध्येच करा. लागणारं सामान: मल्टिमीटर, १० किलोओहमचा पॉट (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर), १० किलो आणि ३३ किलोओहमचे दोन रेझिस्टर, बर्फ, चहाचं पातेलं.

पायरी १. सेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं धरा. नुसता बर्फ नको, बर्फ आणि पाणी एकत्र, ढवळत. ३२-३३ किलोओहम यायला हवेत.

पायरी २. आता उकळतं पाणी. इथे कोल्हापूरकरांनी एक लक्षात ठेवायचं. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहोत, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांना उकळतं. ७०० ओहमची वाट बघत बसू नका, ७४० च्या आसपास आले की सेन्सर पास. एकदा आमच्या पोराने याच कारणावरून चांगला सेन्सर बाद ठरवला होता. मालवणात तोच सेन्सर तपासला असता तर ७०० आले असते.

पायरी ३. ही परीक्षा सेन्सरच्या मुळाशी मोजून घ्या, मग वायरीच्या रेग्युलेटरकडच्या टोकाला मोजा. दोन आकड्यांत काही ओहमांपेक्षा जास्त फरक आला तर तेवढा तुमचा हिरवा चुरा. मोजणी गरम पाण्यातच करा. गार सेन्सरच्या १०,००० ओहमांत वाढलेले ५०० दिसायला दिसतात, पण हवेचा पारा एखादा अंश खाली असेल म्हणून आपण सोडून देतो.

पायरी ४. अल्टरनेटर टेस्ट बेंचवर चढवा, बॅटरी आणि हेडलाइटचे बल्ब लोडला लावा. अल्टरनेटरच्या सेन्सरच्या जागी पॉट जोडा आणि १० किलोवरून हळूहळू खाली आणा. फिल्डच्या वायरीवर डीसी क्लॅम्प मीटर ठेवा. पॉट १ किलोच्या खाली आल्यावर, ८०० ते ५५० ओहमांच्या पट्ट्यात कुठेतरी फिल्ड उतरायला लागलं पाहिजे. ते नेमकं कुठे उतरतं आणि टप्प्याने उतरतं की एकदम निम्मं होतं, दोन्ही लिहून ठेवा. पॉट पार शून्यापर्यंत नेलात तर 'शॉर्ट सेन्सर'ची परीक्षाही झाली.

पायरी ५. पॉट काढून टाका, टोक मोकळं. काय झालं? दिवा लागला का? फिल्ड किती उरलं?

पायरी ६. बॅटरीच्या सेन्सरच्या जागी आधी १० किलो लावा, व्होल्टेज मोजा. मग ३३ किलो. शून्य अंश समजून व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या वर चढायला हवं, पण कुठेतरी थांबायलाही हवं. १५ च्या पुढे जायला लागलं तर सेटिंगमध्ये कमाल मर्यादा घाला.

पायरी ७. शेवटी सेन्स वायर. हे करताना एका माणसाचा हात रेग्युलेटर बंद करायच्या स्विचवर पाहिजे आणि डोळे व्होल्टमीटरवर. वायर काढा. १५ च्या पुढे गेलं की लगेच बंद. बोटीवर, सगळं जोडलेलं असताना ही परीक्षा मुळीच करू नका.

जुनी खोड म्हणून सांगतो, चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून 'अल्टरनेटर देतोय का' बघायची पद्धत आता तरी बंद करा. भार एकदम सुटला की १२ व्होल्टच्या सिस्टिमवर शंभर व्होल्टच्या घरातला फटका येऊ शकतो. डायोड प्लेट त्यातच जाते.

बोटीवरची परीक्षा

पहाटेची हजेरी: रात्रभर बंद राहिलेल्या बोटीवर, इंजिन चालू करायच्या आधी, रेग्युलेटरच्या डिस्प्लेवर सगळी तापमानं वाचा. रात्रभरात सगळं एका तापमानाला आलेलं असतं. बॅटरी २६, अल्टरनेटर २७ ठीक आहे. बॅटरी २६ आणि अल्टरनेटर १७ असेल तर तिथे चुरा आहे. मीटर लागत नाही, हत्यार लागत नाही, अर्धा मिनिट लागतो. मला एकच तपासणी निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन.

दुसरी, वीस मिनिटांची: उतरलेल्या बॅटरीवर इंजिन चालवा. अल्टरनेटरचा आकडा इंजिनरूमच्या हवेपेक्षा बराच वर जाऊन चढतच राहिला पाहिजे. ५५-६० वर येऊन तो निवांत बसला आणि करंट मात्र भरपूर निघतोय, तर सेन्सर हवेत आहे.

तिसरी, बंदुकीने: इन्फ्रारेड थर्मामीटर उघड्या अॅल्युमिनियमवर मारला तर चकाकीमुळे खोटा, कमी आकडा देतो. अंगावर काळा मार्कर फासा किंवा उष्णता सोसणाऱ्या काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. रेग्युलेटरच्या आकड्याशी दहा अंशांपेक्षा जास्त फरक नको.

चौथी: इंजिन चालू असताना लाकडी काठीने सेन्सरच्या वायरी हलवत जा आणि आकड्याकडे बघा. हाताने नको, बेल्ट जवळ असतो.

बसवताना

अल्टरनेटरचा सेन्सर मागच्या बाजूला, डायोड प्लेटजवळच्या अंगाच्या बोल्टखाली आवळा. प्लॅस्टिकच्या टायने नाही. ब्रॅकेटवरही नाही, ब्रॅकेट इंजिनला उष्णता देऊन गार राहतं.

बॅटरीचा सेन्सर मधल्या बॅटरीला, कारण दोन्हीकडून कोंडलेली तीच सगळ्यात गरम असते. थिंबलवाला सेन्सर असेल तर आधी पोस्ट, मग करंटच्या केबलचं थिंबल, मग त्याच्या वर सेन्सर. मध्ये घातलात तर सगळा करंट सेन्सरच्या पत्र्यातून जाईल. आणि टर्मिनल ढिलं असेल तर ते तापून 'बॅटरी गरम' असं खोटं सांगेल, मग बॅटरी उपाशी राहील.

वायर टिन चढवलेली घ्या. गोठ्यातल्या मोटरला वापरतो ती लाल तांब्याची वायर दोन हंगामांत आतून काळी पडते. जोड शक्यतो देऊच नका, द्यावा लागलाच तर क्रिम्प करून वर डिंकवाली हीट श्रिंक.

लिथियम फॉस्फेट बॅटरी बसवणाऱ्यांना थोडं वेगळं सांगायचंय. तिला तापमानाप्रमाणे व्होल्टेज उतरवायचं नसतं, ते सेटिंग शून्य करा. पण तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती जवळपास भरेपर्यंत अल्टरनेटरकडून मिळेल तेवढं ओढते. लेड-अॅसिड भरत आली की आपोआप कमी घेते आणि अल्टरनेटरला उसंत मिळते. इथे ती मिळत नाही, म्हणून अल्टरनेटरचा सेन्सर इथे ऐच्छिक राहत नाही. आणि बीएमएसने (लिथियम बॅटरीला सांभाळणाऱ्या सर्किटने) बॅटरी तोडायच्या आधी रेग्युलेटरला बंद करायचा इशारा मिळाला पाहिजे, त्याची वायर वेगळी असते. ती न जोडता बोट सोडलीत तर वर सांगितलेला शंभर व्होल्टचा फटका तुमच्याच डायोडला बसेल.

त्या तांडेलाच्या चौथ्या अल्टरनेटरला मी एच क्लासचं वाइंडिंग केलं आणि मागच्या बोल्टखाली सेन्सर स्वतः आवळून दिला. आता प्रत्येक बोटीच्या अल्टरनेटरला अॅल्युमिनियमच्या पत्र्याची छोटी पट्टी तारेने बांधतो आणि तिच्यावर खिळ्याने तीन आकडे कोरतो: गार रोटरचे ओहम, फिल्ड उतरायला लागलं तेव्हाचे पॉटचे ओहम, आणि सेन्सर काढल्यावर उरलेलं फिल्ड. त्याच्या पट्टीवर ३.१, ६४० आणि निम्मं असं आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. पहाटेच्या हजेरीत बॅटरी २७ आणि अल्टरनेटर २१ दाखवत होता. त्याने थिंबल उघडलं, हिरवं झालेलं कापून नवं टोक लावलं आणि मगच बोट बाहेर काढली.